अंगण खरेच वाकडे असेल तर?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण नेहमी एकाच बाजूने वापरतो. ज्याला जमत नाही त्याने साधनाला नावे ठेवू नयेत, हा तिचा उपदेश. उपदेश योग्यच आहे. परंतु तो करणार्‍यांपैकी किती जण पाणसळ घेऊन अंगणात उतरतात? मुलाला गणित येत नाही, सुनेच्या भाकरी फुगत नाहीत, गड्याच्या हातून नांगराचे तास वाकडे जाते. आपला निकाल मात्र तयार असतो. अंगण मोजण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. आम्ही ते एकदा घेतले. अंगण होते एका छर्‍याच्या बंदुकीचे, आणि निकाल लागला होता तो आमच्या भाच्यावर.

आमच्या थोरल्या बहिणीचे घर नेवाशाला आहे. ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीतेचे निरूपण केले असे मानतात, त्या पैस खांबामुळे हे गाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. त्याची आणखी एक ओळख आहे. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी येथे प्रवरेच्या काठी उत्खनन केले, आणि पाषाणयुगापासूनच्या माणसाच्या खुणा या परिसरात सापडल्या. त्यांत हातात धरण्याजोगी घडवलेली दगडी हत्यारेही होती. हत्यार हाताला बसले पाहिजे, ही गोष्ट येथील माणसाला फार पूर्वीच कळली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक जिंकले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या खेड्यातला हा मुलगा. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो पुढे आला. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला मिळवलेल्या कांस्यपदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे वैयक्तिक पदक. खेड्यातल्या किती घरांत त्या दिवशी मुलांचे डोळे चमकले असतील! आमच्या भाच्याचे चमकले. त्या वर्षीच्या नाताळाआधी दाजींनी त्याला एका ओळखीच्या गृहस्थाकडून जुनी स्प्रिंगची एअर रायफल आणून दिली. तिच्यावर एक छोटी दुर्बीणही बसवलेली होती.

ताईची अट एकच होती: निशाण कागदाचे, पाखरावर एकदा जरी नळी वळली तरी बंदूक कायमची माळ्यावर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे नाव तिला ठाऊक असेल-नसेल, परंतु तिच्या अंगणातल्या चिमण्यांच्या बाबतीत तिचा कायदा अधिक कडक आहे. भाच्याने अट पाळली. घरामागे मातीचा जाड बांध होता. त्याच्यापुढे ओल्या मातीने भरलेली लाकडी पेटी ठेवली, पेटीवर कागद डकवला आणि १० मीटरवर रेघ आखून सराव सुरू झाला.

छर्रे मात्र कागदभर विखुरत. आज डावीकडे, उद्या खाली; सकाळी मध्याजवळ, दुपारी काठावर. मार्गदर्शन करणार्‍या एका ओळखीच्या माणसाने दोन-चार दिवस पाहून सांगितले, “याचा हात स्थिर नाही.” या वाक्याचा घाव खोल गेला, कारण दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवरून पडून पोराचे डावे मनगट मोडले होते. रायफलचा भार पेलणारा हात तोच. मोडलेले हाड सांधले असले, तरी आपला हात आता कायमचा अधू झाला, हे त्याने मनोमन धरले. दाजी बोलत नसत. पण पैसे वाया गेल्याचे त्यांच्या गप्प राहण्यावरून कळत असे. पोराने बंदूक कपाटामागे उभी केली आणि विचारले तर म्हणे, “मामा, मला नाही जमायचं. हातच तसला आहे.”

हाताचा दोष आहे की हत्याराचा, हे शोधण्याची रीत सोपी आहे. हात बाजूला काढावा आणि उरते ते पाहावे. आम्ही मेजावर वाळूची पिशवी ठेवली, तिच्यावर रायफल टेकवली आणि भाच्याला दहा छर्रे झाडावयास सांगितले. मग दाजींनी दहा झाडले, नंतर आम्ही. तिन्ही कागद शेजारी ठेवले. तिन्हींवरचा पसारा जवळजवळ सारखा, सुमारे सहा सेंटिमीटरचा. तीन माणसांचे हात एकाच मापाने कसे थरथरतील? पोराने ते तीन कागद बराच वेळ हातात धरले होते. तो काही बोलला नाही, परंतु संध्याकाळी कपाटामागची बंदूक खोक्यात नीट निजवून ठेवलेली दिसली.

आता दोष कोठे, हे शोधावयाचे. स्प्रिंगच्या रायफलची तर्‍हा मुळात वेगळी आहे. नळी मोडून ताण दिला की आतली जाड स्प्रिंग दबते. चाप ओढताच ती सुटते व दट्ट्याला पुढे ढकलते. त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि त्या दाबाने छर्रा निघतो. दट्ट्या पुढे झेपावताना रायफल मागे सरकते. दट्ट्या टोकाला येऊन थांबला की तिला पुढे हिसका बसतो. हे दोन्ही धक्के छर्रा नळीबाहेर पडण्याच्या आत, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास घडून जातात. म्हणून रायफल प्रत्येक वेळी तशीच हलली पाहिजे. ती हलू नये म्हणून घट्ट आवळून धरणारा फसतो. उघड्या तळव्यावर सैलसर टेकवून तिला तिची चाल चालू देणारा साधतो. आणि हे धक्के शेकडो वेळा बसले की जे जे सैल होण्यासारखे आहे ते सैल होते.

पहिली गोष्ट म्हणजे दस्ता. रायफलचे लोखंड लाकडी दस्त्याला तीन स्क्रूंनी धरलेले असते: दोन पुढे, नळीच्या सांध्याजवळ, आणि एक मागे, चापापाशी. पुढचे दोन्ही आमच्या बोटांनी फिरले! घट्ट केले तर वीस-पंचवीस छर्‍यांनंतर पुन्हा सैल. गावातल्या आमच्या ओळखीच्या सुताराने दस्ता उलटा करून पाहिला आणि क्षणात सांगितले, “लाकूड दबलंय. स्क्रू पिळाल तेवढा आत रुतेल.” आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते, त्यात स्क्रूच्या डोक्याखालचा भाग चिरडला गेलेला. त्याने छिद्रे किंचित मोठी केली, लेथवर कापून आणलेल्या पोलादी नळ्यांचे तुकडे त्यांत एपॉक्सीने बसवले आणि डोक्याखाली वाटीच्या आकाराचे वायसर दिले. आता स्क्रूचा दाब लाकडावर न पडता लोखंडावर लोखंड असा पडू लागला. चापाजवळ लोखंड एका बाजूने लाकडाला घासत होते. तेथे पटाशीने केसभर जागा केली आणि आतल्या उघड्या लाकडाला तेल पाजले.

दुसरी गोष्ट दुर्बिणीचे माउंट. ज्या दोन कड्यांत दुर्बीण बसते ती रायफलच्या पाठीवरच्या खाचांना पकडून असतात. खाचेवर, माउंटच्या पुढे, बोटाच्या पेराएवढी घासल्याची चकाकी दिसत होती. माउंट धक्क्याधक्क्याने मागे सरकत होते. याचा परिणाम किती व्हावा? हिशेब त्रैराशिकाचा आहे. दोन कड्यांत १० सेंटिमीटर अंतर असेल आणि एक कडे ०.१ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीएवढे, हलले तर १० मीटरवर नेम १ सेंटिमीटरने चुकतो. पोराने स्वतः वहीत हा हिशेब मांडला. आम्ही खाचा व स्क्रू रॉकेलने पुसून तेलकटपणा काढला, मागे अडसराची खुंटी असलेले माउंट आणवले, ती खुंटी रायफलच्या पाठीवरच्या भोकात बसवली आणि कड्यांचे स्क्रू एकेक पूर्ण न आवळता, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे, समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. नळी मोडणार्‍या रायफलींत नळीचे तोंड दुर्बिणीच्या रेषेपेक्षा बर्‍याचदा जरा खाली झुकलेले असते. त्यासाठी मागच्या कड्यात दुर्बिणीखाली फिल्मची एक पातळ पट्टी सरकवली.

तिसरी गोष्ट गालाची. दुर्बीण उंच बसते, दस्ता मात्र साध्या माशीच्या उंचीचा. मग नेमबाजाला मान उचलून अधांतरी पाहावे लागते. डोळा दुर्बिणीच्या मध्यरेषेवरून सरकला की लक्ष्यावरची फुलीही सरकलेली दिसते. विशेषतः लांब अंतरासाठी जुळवलेली दुर्बीण १० मीटरवर वापरली की हा भ्रम वाढतो. सुताराने सागवानाची एक फळी रंध्याने गोलावून दस्त्याच्या पाठीवर चढवली. पोराला डोळे मिटून गाल टेकवावयास सांगायचे, उघडल्यावर डोळा कोठे येतो ते पाहायचे, आणि पुन्हा पॉलिश पेपर फिरवायचा. चार वेळा असे झाल्यावर गाल आपोआप जागेवर येऊ लागला.

दुसर्‍या दिवशी वाळूच्या पिशवीवरून दहा छर्रे झाडले. पसारा दीड सेंटिमीटरच्या आत आला होता. दाजींनी तो कागद घडी न घालता देवघराशेजारच्या फडताळात ठेवला. परंतु खरी परीक्षा पुढेच होती. पोरगा उभा राहिला, डाव्या तळव्यावर रायफल घेतली, दहा छर्रे झाडले. पसारा चार सेंटिमीटर! आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहिले. तो म्हणाला, “मामा, एवढं मात्र माझं आहे.” या वाक्यात खंत नव्हती. इतके दिवस सगळा दोष त्याच्या अंगावर होता आणि त्यातला त्याचा किती, हे कळण्याचा मार्ग नव्हता. आता वाटणी झाली होती, आणि आपल्या वाट्याचे काम कष्टाने कमी होते हे खेड्यातल्या मुलाला सांगावे लागत नाही.

ज्यांनी या खेळात शिखर गाठले त्यांनाही ही वाटणी करावी लागली आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा अंतिम फेरीत सातवे आले. आपण उभे होतो तेथली फरशी सैल होती, असे त्यांना नंतर कळले. त्यांनी फरशीला दोष देऊन खेळ सोडला नाही, आणि फरशी सैल नव्हतीच असे म्हणून स्वतःला कोसतही बसले नाहीत. २००८ मध्ये बीजिंगला भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण त्यांनीच मिळवले. त्याच २००४ साली पनवेलच्या सुमा शिरूर यांनी क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत प्राथमिक फेरीत ४०० पैकी ४०० गुण घेतले. १० मीटर एअर रायफलच्या निशाणावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. या स्पर्धांत दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्रातून नेम धरावा लागतो. पण गाल, खांदा व हात यांना दस्ता जुळवून घेणे नियमात बसते, आणि मोठे नेमबाज त्यावर महिनोन्‌महिने खर्च करतात. त्याला कोणी सबब म्हणत नाही.

यंदा भाच्याने तालुक्याबाहेरच्या एका छोट्या स्पर्धेत दुर्बिणीविना भाग घेतला. क्रमांक बराच खाली आला. घरी येऊन त्याने आधी तिन्ही स्क्रू तपासले. ते जागेवर होते. मग विटेचे दोन तुकडे कापडात बांधले आणि डाव्या तळव्यावर तोलून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ताईने जेवायला हाक मारली तेव्हा म्हणाला, “आई, अजून पाच मिनिटं.”