प्रत आहे, पण परत येते का?

"तुझं काम तरी नेमकं काय गं?" असे आई मला अनेकदा विचारते. मी सांगते, "संगणकातल्या नोंदींची दुसरी प्रत काढून ठेवायची, आणि पहिली बुडाली तर दुसरीवरून काम उभं करायचं." यावर तिचा ठरलेला प्रश्न असतो : "आणि दुसरीच बुडाली तर?" शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईचा हा प्रश्न आमच्या कामातला सर्वांत मोठा प्रश्न आहे.

सर्व्हर म्हणजे कार्यालयातल्या सर्वांच्या नोंदी एका जागी सांभाळणारा संगणक. त्या नोंदींची जी प्रत निघते तिला बॅकअप म्हणतात, आणि प्रतीवरून मूळ काम पुन्हा उभे करणे म्हणजे रिस्टोअर. लोक पहिल्याची काळजी घेतात, दुसऱ्याचा विचारही करीत नाहीत.

काही वर्षांपूर्वी कामगारांच्या एका पतसंस्थेच्या सर्व्हरची डिस्क निकामी झाली. सभासद कोण? सफाई कामगार, रुग्णालयातल्या आया, बसचे वाहक. कुणाची मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव, कुणाच्या कर्जाचे हप्ते. संस्थेचे सचिव मात्र निर्धास्त होते. रोज सकाळी पडद्यावर 'बॅकअप पूर्ण' अशी हिरवी खूण दिसत होती ना! सर्व्हर बंद पडल्यावर आम्हाला बोलावणे आले. प्रत उघडली, तर पत्रव्यवहार आला, इतिवृत्ते आली; पण हिशोबाची मुख्य फाईलच आली नाही.

मग आम्ही लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरची रोजनिशी, उघडली. हिरव्या खुणेच्या खाली बारीक अक्षरांत रोज एकच ओळ होती : फाईल वापरात असल्याने वगळली. हिशोबाचा प्रोग्राम रात्रंदिवस चालू असे. चालू फाईलची प्रत घेण्यासाठी विंडोजमध्ये 'शॅडो कॉपी' नावाची सोय असते. ती त्या क्षणाचे चित्र धरून ठेवते आणि त्या चित्राची प्रत निघते. ही सोय सहा महिने बंद पडली होती. ज्यांनी वर्षाचे पैसे घेऊन देखभाल करायची त्यांनी ती ओळ एकदाही वाचली नव्हती.

सहा महिन्यांपूर्वीची एक प्रत मिळाली. पुढचे सारे कागदांवरून भरावे लागले. सभासदांना पासबुके आणि पावत्या आणायला सांगितले. एका आया मावशींनी बिस्किटांच्या डब्यातून हप्त्यांच्या पावत्या काढल्या. जुन्या प्रतीत त्यांचे नऊ हप्ते बाकी दिसत होते, पावत्यांप्रमाणे तीनच. त्यांनी पावत्या जपल्या नसत्या तर सहा हप्त्यांचा भुर्दंड कुणी सोसला असता?

आपल्या गरीब संस्थांचेच असे होते, असे मात्र समजू नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या संगणक सेवेत एका अभियंत्याच्या हातून चालू सर्व्हरवरची सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली. प्रती ठेवण्याच्या एकाहून अधिक पद्धती त्यांच्याकडे होत्या. पण रोजची प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा. त्यामुळे प्रत निघतच नव्हती. तसे कळवणारे ई-मेलही वाटेतच नाकारले जात होते. दुसऱ्या कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवले. तरी मधल्या वेळेतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदींना फटका बसला. कंपनीने सारे काही जाहीरपणे लिहून सांगितले, हे त्यांचे चांगले.

माझे वडील रात्रपाळीचे पहारेकरी होते. कुलूप लावले की ते एकदा ओढून पाहत. "लागल्यासारखं दिसणारं कुलूप चोराच्याच कामाचं," असे ते म्हणत. बॅकअपचेही असेच आहे. हिरवी खूण म्हणजे लावलेले कुलूप. रिस्टोअर करून पाहणे म्हणजे ते ओढून पाहणे.

आपल्यापैकी अनेकजण पतसंस्था, शाळा, मंडळे यांच्या समित्यांवर आहेत. तेथे तीन गोष्टी विचारा. प्रती किती आहेत? तीन असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एक प्रत तारेपासून तोडून ठेवली आहे का? खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या प्रतीही कुलूपबंद करतो. आणि प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची कधी पाहिली? या तिसऱ्या प्रश्नाला तारीख सांगता आली पाहिजे. "सगळं ठीक आहे" हे उत्तर घेऊ नका.

घरीही हेच करा. मुलांचे जातीचे दाखले, गुणपत्रिका, घराचे कागद यांचे फोटो केवळ एका मोबाईलमध्ये ठेवू नका. पेन ड्राइव्हवर एक प्रत काढा, ती बहिणीच्या किंवा मामाच्या घरी ठेवा, आणि वर्षातून एकदा ती उघडून, अक्षरे वाचता येतात की नाही, ते मुलांकडूनच पाहून घ्या. कागद मात्र फेकू नका.