विटांच्या भिंती, लाकडी जिने

रात्री शिकागोच्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या कॅथलिक शाळेचा नकाशा पाहत बसले. 1910 सालची इमारत. बाहेरून भक्कम वीटकाम, आत मात्र जिने, जमिनी, दारं सगळं लाकडी. 1 डिसेंबर 1958 ला ईशान्येकडच्या जिन्याच्या तळाशी आग लागली. खालच्या मजल्यावर त्या जिन्याला दार होतं, तिथे धूर अडला. वर दारच नव्हतं. धूर थेट वर्गांबाहेरच्या बोळात घुसला. उरल्या खिडक्या. त्यांच्या कठड्यांची उंची तीन फुटांहून जास्त; लहान लेकरांना चढताही येईना. उडी मारावी तर खाली सुमारे 25 फूट. 92 मुलं आणि 3 नन गेल्या.

मला इमारतींचं सौंदर्य फार आवडतं, पण आज नजर त्या एका न बसवलेल्या दारावरून हटत नाही. तपासणीत शाळा उत्तीर्ण होती. नवे नियम जुन्या इमारतींना लागूच नव्हते. नंतर अमेरिकेत शाळांचे अग्निसुरक्षा नियम कडक झाले.

पालकांनो, मुलांच्या शाळेत जाल तेव्हा जिना वरपर्यंत चढून पाहा. बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, ते विचारा.