पाच बोटांची खूण

महिना सुरू झाला, की वडील दारात उभे राहून मला उजव्या हाताचा पंजा दाखवायचे. त्यांचं आयुष्य इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं. मागांच्या खडखडाटात माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. पुढे तीच त्यांची घरातलीही भाषा झाली. पंजा म्हणजे पाच. पाच तारखेच्या आत पोस्टात जाऊन ये.

वडिलांना फंड नव्हता. मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर; माग थांबला की मजुरी थांबली. १९८८ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तुटलेला धागा जोडताना डोळा चुकायला लागला, तेव्हा कुणीतरी त्यांना पीपीएफचं सांगितलं. नोकरीतला फंड नसलेल्यालाही उघडता येईल असं हे खातं १९६८ पासून होतं. त्यांच्यापर्यंत पोचायला त्याला वीस वर्षं लागली. ती वीस वर्षं त्यांना फार लागून राहिली असावीत.

म्हणून १९९३ मध्ये शिरोलीच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली, तेव्हा पहिल्याच पगाराला ते मला पोस्टात घेऊन गेले. पासबुकावर पहिली नोंद पडली : २०० रुपये. निळी शाई, शेजारी गोल शिक्का, त्याची एक कड पुसट. पाच तारखेचं कारण त्यांनी वाटेत समजावलं. पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. सहा तारखेला भरलेल्या पैशांचा तो महिना वाया. व्याज तेव्हा १२ टक्के होतं. मी हिशोब केला आणि म्हणालो, "दोन रुपयांसाठी एवढी धावपळ?" ते म्हणाले, "दोन रुपयांचं कापड विणून बघ एकदा."

१९९८ मध्ये मी नोकरी बदलली आणि जुन्या नोकरीतला फंड काढून घेतला. चोवीस हजार. रंगीत टीव्ही आला, उरलेले कुठे गेले ते आठवतही नाही. घरात सगळे टीव्हीभोवती बसलेले असताना वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "किती वर्षांचा होता?" किती रुपयांचा, असं विचारलं नाही. पाच वर्षांचा, मी सांगितलं. ते मान हलवून आत गेले.

त्या प्रश्नाचा अर्थ मला फार उशिरा कळला. ७२ ला व्याजदराने भागलं, की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. आठ टक्क्यांनी नऊ वर्षं. ते चोवीस हजार हात न लावता राहिले असते, तर सत्तावीस वर्षांत तीनदा दुप्पट होऊन एक लाख ब्याण्णव हजार झाले असते. पैसे मी नंतर पुष्कळ भरले. ती पाच वर्षं मात्र कुठल्याच पोस्टात भरता आली नाहीत.

वडिलांचं खातं २००४ मध्ये पुरं झालं. रक्कम मोठी नव्हती. पण दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं बिल त्यांनी स्वतः चुकतं केलं. नोटा मोजून काउंटरवर ठेवताना त्यांची पाठ किती ताठ होती, ते मी मागे उभा राहून पाहिलं. कुणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणूनच तो पंजा होता.

पीपीएफचा दर उतरत गेला. २०२० च्या एप्रिलपासून ७.१ टक्के झाला. महागाई तर थांबत नाही. माझी मुलगी नुकतीच नोकरीला लागली. तिचा कल एसआयपीकडे, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरण्याकडे आहे. बाजार वरखाली होणार, हे तिला ठाऊक आहे, आणि चाळीस वर्षं हाताशी असताना ते योग्यही आहे. मी तिला एकच हिशोब मांडून दाखवला. महिना हजार रुपये, दरसाल ८ टक्के. बाविसाव्या वर्षापासून भरले तर साठीला साडेसत्तावीस लाखांच्या आसपास. बत्तिसाव्या वर्षापासून भरले तर बारा लाखांच्या आत. भरण्यातला फरक फक्त एक लाख वीस हजारांचा. तिने कागद दोनदा वाचला आणि जपून घडी घालून ठेवला.

परवा एक तारखेला ती कानात इअरफोन घालून बाहेर पडत होती. हाक ऐकू गेली नसती. मी दारात उभा राहिलो आणि पंजा दाखवला. तिने मान डोलावली.