मुंगूस, ईएमआय आणि आई

गेल्या महिन्यात देवनारला घर घेतलं. वन बीएचके, वीस वर्षांचा ईएमआय आणि वारा फिरला की डंपिंग ग्राउंडचा वास फुकट! गृहप्रवेशाला टीममधल्या मित्राने नेपाळच्या पाटणहून आणलेली मूर्ती दिली. ढेरपोट्या, दागिन्यांनी मढलेला, एका हातात महाळुंग, दुसऱ्या हातात मुंगूस. हा जंभल, बौद्धांचा धनदेव.

मूर्ती हाताने घडवलेली. आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर मातीचे लेप देतात, मग तापवून मेण वितळवून टाकतात आणि त्या पोकळीत तांबं ओततात. शेवटी साचा फोडायचा. म्हणजे प्रत्येक मूर्ती एकच, कॉपी-पेस्ट नाही. मी तर खूष!

आईने मात्र बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बाबासाहेबांनी देव सोडायला शिकवलं, आणि तू पैशाचा देव आणलास?"

मी म्हटलं, "अगं, बावीस प्रतिज्ञांत याचं नाव नाहीये."

"पूजा ती पूजाच." विषय संपला.

मला उगाच राग आला. कारण मागच्या वर्षी आम्ही दोघं अजिंठ्याला गेलो होतो. दोन नंबरच्या लेण्यात, गाभाऱ्याच्या उजव्या बाजूला पांचिक आणि हारीती बसलेत. पाचव्या शतकातलं काम. पांचिक धनाचा यक्ष आणि हारीती त्याची बायको. ती म्हणे राजगृहातली लेकरं पळवून खायची. बुद्धांनी तिचं धाकटं पोर भिक्षापात्राखाली लपवलं. पाचशेतलं एक हरवलं तर ती वेडीपिशी झाली, तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं. मग ती लेकरांची राखणदार झाली. मूर्तींच्या खाली चक्क शाळा कोरलीय, हातात छडी घेतलेले मास्तर आणि मागे दंगा करणारी पोरं! तिथे आई सगळ्यात जास्त वेळ थांबली होती.

रात्री जंभलाकडे नीट बघितलं. मुंगसाच्या तोंडातून रत्नं पडतायत. पूर्वी पैशाची थैली मुंगसाच्या कातड्याची असायची, तिला संस्कृतात 'नकुलक' म्हणत. साप धनावर वेटोळं घालून बसतो आणि मुंगूस सापाचा वैरी. बरं, ही रत्नं जंभल स्वतःकडे ठेवत नाही, मुंगूस दाबून बाहेर काढतो. धनदेव खरा, पण साठवणारा नाही, सोडणारा.

आणि मला गावच्या मावसभावाचा फोन आठवला. डिप्लोमाच्या फीचे पैसे मागत होता. "आत्ताच घर घेतलंय रे, बघतो," म्हणून मी टाळलं होतं. थोडक्यात, वेटोळं.

सकाळी पैसे पाठवले आणि आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. संध्याकाळी ऑफिसमधून आलो तर जंभल माझ्या जावाच्या पुस्तकांशेजारी, स्वच्छ पुसून ठेवलेला. फुलं नाहीत, उदबत्ती नाही.

"शोभेचा आहे," ती म्हणाली.

असो. ईएमआय पाच तारखेला आहेच.