नेमका जोर कशावर?

मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात एक साचा हमखास शिकवला जातो. 'आय व्हॅल्यू ऑनेस्टी' असं सपाट बोलू नका, 'व्हॉट आय व्हॅल्यू मोस्ट इज ऑनेस्टी' म्हणा. ऐकणारा सावध होतो, वाक्याला वजन येतं. मग बाकावरची मुलंमुली एकामागून एक तेच वाक्य घोटतात. 'ऑनेस्टी'च्या जागी कुणी 'हार्ड वर्क' घालतं, कुणी 'फॅमिली'.

साचा उत्तम आहे. त्यात काय ओततो आहोत, याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

इंग्रजीला अशा रचना का लागतात? मराठीत शब्द जागचे हलवता येतात, आणि एक 'च' लावला की जोर हव्या त्या शब्दावर जाऊन बसतो: 'मला सचोटीच हवी', 'मलाच सचोटी हवी'. इंग्रजीत कर्ता, क्रियापद आणि कर्म यांच्या जागा बऱ्याच अंशी ठरलेल्या. त्या बदलल्या तर अर्थच उलटू शकतो. बोलताना आवाज चढवता येतो, कागदावर तीही सोय नाही. म्हणून ही भाषा एका वाक्याची दोन वाक्यं करते आणि महत्त्वाचा शब्द एकट्याने उभा करते. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९३७ साली अशा वाक्यांना 'क्लेफ्ट', म्हणजे चिरलेली वाक्यं, हे नाव रूढ केलं. ज्या भाषांत शब्दक्रम ताठर असतो, त्यांना ही युक्ती अधिक लागते, हे त्यांचं निरीक्षण आजही पटतं.

खरी गंमत पुढे आहे. 'इट इज ऑनेस्टी दॅट आय व्हॅल्यू' असं म्हणणारा माणूस एकाच दमात दोन गोष्टी करतो. आपल्याला काहीतरी मोलाचं वाटतं, हे तो समोरच्याला गृहीत धरायला लावतो. आणि त्या मानाच्या जागी सचोटीला बसवताना बाकीच्या दावेदारांना उठवतो. साध्या वाक्यात कुणालाच उठवावं लागत नाही. सचोटी आवडते, कुटुंबही आवडतं, पगारवाढही आवडते. चिरलेल्या वाक्यात निवड करावीच लागते. मूल्यांबद्दल बोलायला ही रचना इतकी चपखल ठरते ती त्यामुळेच, आणि ती पाठ करून फेकली की इतकी पोकळ वाजते तीही त्यामुळेच. सचोटी सर्वांत वर, तर तिच्यासाठी खाली काय बसवलं? वरिष्ठांनी खोटं बिल लावायला सांगितलं, तर निष्ठा की सचोटी? वर्गात हा दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही. तो विचारायला हवा, कारण इंग्रजीचा सरावही खरा तिथेच होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं एक छोटं भाषण अशा वर्गांत जरूर वाचून घ्यावं. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून त्यांनी आपलं जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडलं. वागणं मोजायला प्रत्येकाजवळ एक माप हवं, हा त्याचा आरंभ. पुढची मांडणी पाहण्याजोगी आहे. एक वाक्य 'निगेटिव्हली' या शब्दाने सुरू होतं आणि गीतेतल्या त्रिगुणांवर उभी असलेली समाजरचना आपण नाकारतो, असं ते सांगतात. त्यानंतरचं वाक्य 'पॉझिटिव्हली'ने सुरू होतं आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द येतात. आधी काय सोडलं, मग काय धरलं. एरवी वाक्याच्या पोटात दडणारं क्रियाविशेषण पहिल्या जागी आणल्याने दोन्ही बाजू लख्ख वेगळ्या होतात.

हे तीन शब्द फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतले, असं कुणी म्हणू नये, असं बजावून ते फक्त तीन शब्दांचं वाक्य उच्चारतात: 'आय हॅव नॉट.' तिथे कुठलीही सजावट नाही. लांब वाक्यांच्या मधोमध आलेला तो तोकडा नकार कुठल्याही अलंकारापेक्षा जड आहे. ही मूल्यं आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, हे ते लगेच सांगतात. त्या तिन्हींतही सर्वोच्च स्थान बंधुतेला आहे. स्वातंत्र्य आणि समता यांचं खरं रक्षण तीच करते, कायद्याची त्याबाबत हमी नाही, हे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष राहिलेला माणूस सांगत होता. निवड म्हणजे काय, ते इथे दिसतं. १९३५ साली येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं होतं, आणि या भाषणानंतर दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या 'नॉट'च्या दोन्ही बाजूंना असं आयुष्य होतं.

आणखी एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. नेल्सन मंडेलांची मातृभाषा खोसा; इंग्रजी त्यांनाही शिकावीच लागली. २० एप्रिल १९६४ रोजी प्रिटोरियाच्या न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्यातून ते सुमारे तीन तास बोलले. लोकशाही आणि मुक्त समाज हा आपला आदर्श सांगून त्यांनी 'इट इज ॲन आयडियल' हे शब्द लागोपाठच्या दोन वाक्यांत वापरले: आधी त्यासाठी जगण्याची आशा, मग त्यासाठी मरण्याची तयारी. फाशीची शक्यता समोर होती. वकील जॉर्ज बिझोस यांना वाटलं, हे मरणाला आमंत्रण ठरेल. त्यांच्या सूचनेवरून 'इफ नीड्स बी', म्हणजे गरज पडलीच तर, हे शब्द आत आले. त्या छोट्या अटीने जोर उणावला नाही. उलट त्या माणसाला मरायची हौस नव्हती, एवढं स्पष्ट झालं आणि वाक्य अधिक खरं वाटू लागलं.

जन्मठेप झाली. ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटका झाल्यावर केप टाउनच्या सिटी हॉलच्या सज्जातून केलेल्या भाषणाचा शेवट मंडेलांनी आपल्याच त्या जुन्या वाक्यांनी केला. ती आजही तितकीच खरी आहेत, असं सांगून ती त्यांनी 'इफ नीड्स बी'सकट पुन्हा म्हटली.