ख्वे नोईच्या काठाने

ठाकुर्ली (पूर्व)
रविवार, सकाळ

चि. बाळ,


डिसेंबरात मैत्रिणींबरोबर बँकॉकला निघालीस, हे ताईकडून कळलं. तिथल्या दिवसांपैकी एक दिवस कांचनाबुरीसाठी राखून ठेव. एवढं सांगायला फोन पुरला असता, पण तिथे काय पाहायचं आणि का, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. शिवाय तुझ्या मामाचं तिथे एक काम राहून गेलं आहे. ते शेवटी.

कांचनाबुरीला बसने जाता येतं, टॅक्सीनेही. तू मात्र रेल्वेने जा. चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावर थोनबुरी नावाचं छोटं स्टेशन आहे, तिथून साधी पॅसेंजर सुटते. एसी नाही, खिडक्या उघड्या, डब्यात फळं-खाऊ विकणाऱ्या बायका. नोंग प्लादुक जंक्शनपर्यंत ही गाडी दक्षिणेकडच्या मुख्य मार्गाने धावते आणि तिथून उजवीकडे वळते. त्या वळणापासून पुढचे रूळ म्हणजे १९४२-४३ मध्ये जपानी लष्कराने युद्धकैदी आणि मजूर यांच्याकडून टाकून घेतलेली सयाम-बर्मा रेल्वे. जगभर तिला 'डेथ रेल्वे' म्हणतात.

मामाची उभी नोकरी रुळांच्या देखभालीत गेली. २०१८ साली तो तिथे उतरला तेव्हा आधी खडी पाहिली, मग स्लीपर, मग वळणांवरचा बाहेरच्या रुळाचा उंचावा. मार्ग मीटर गेजचा आहे आणि आजही नीट राखलेला आहे. गँगमन लोकांना तो मनापासून आवडेल.

हा मार्ग मुळात हवा कशाला होता, ते आधी समजून घे. १९४२ च्या पूर्वार्धात जपानने मलाया, सिंगापूर आणि बर्मा घेतलं. बर्मातल्या फौजेला रसद पोचवायची तर मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून, अंदमानच्या समुद्रातून रंगूनपर्यंत जहाजं न्यावी लागत. त्या पाण्यात दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्या होत्या, आणि जूनमध्ये मिडवेच्या लढाईत जपानी आरमाराचं कंबरडं मोडलं. म्हणून जमिनीवरचा रस्ता हवा होता. सयाममधल्या, म्हणजे आजच्या थायलंडमधल्या, नोंग प्लादुकपासून बर्मातल्या थानब्यूझायतपर्यंत ४१५ किलोमीटर, म्हणजे साधारण आपल्या मुंबईहून जळगाव. मध्ये घनदाट जंगल, चुनखडीचे डोंगर आणि मुसळधार पाऊस. ब्रिटिशांनी पूर्वी या वाटेचा विचार करून तो सोडून दिला होता. जपान्यांनी दोन्ही टोकांकडून काम लावलं आणि १७ ऑक्टोबर १९४३ रोजी रूळ कोनकोइता इथे एकमेकांना मिळाले. दीड वर्षाच्या आत. यंत्रं जवळपास नव्हतीच. बरेचसे रूळ मलायातल्या मार्गांवरून उखडून आणलेले होते आणि कांचनाबुरीच्या पुलाच्या लोखंडी कमानी जावा बेटावरून.

हा पूल तुला पोस्टकार्डांवरून ओळखीचा असेल. त्याच्या बहुतेक कमानी गोलाकार आहेत, मधल्या दोन मात्र सरळ कडांच्या. दोस्तांच्या विमानांनी १९४४-४५ मध्ये बाँब टाकून मधला भाग पाडला, तिथे युद्धानंतर जपानमध्ये बनवलेले हे दोन गर्डर बसवले. पुलावर पायी चालता येतं. गाडी आली की लोक बाजूच्या छोट्या सज्ज्यांवर सरकून उभे राहतात आणि गाडी अगदी हळू, हाताच्या अंतरावरून जाते.

सिनेमाने मात्र इथे बराच घोटाळा केला आहे. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' १९५७ चा, त्याचं चित्रीकरण श्रीलंकेत झालं आणि त्यातला पूल लाकडी. पिएर बूलच्या कादंबरीत पूल ख्वे नदीवर दाखवला होता. प्रत्यक्षात तो मे क्लोंग नदीवर होता. सिनेमा पाहून माणसं ख्वेवरचा पूल शोधत येऊ लागली, तेव्हा १९६० च्या सुमारास थाई सरकारने त्या पात्राचंच नाव बदलून ख्वे याई, म्हणजे मोठी ख्वे, असं केलं. सिनेमातला कर्नल शत्रूचा पूल अभिमानाने बांधतो. खरे लेफ्टनंट कर्नल फिलिप टूझी तसे नव्हते. माणसं जगवायची आणि काम शक्य तितकं कच्चं ठेवायचं, हे त्यांचं धोरण होतं. लोखंडी पुलाशेजारच्या तात्पुरत्या लाकडी पुलाच्या खांबांत कैद्यांनी वाळवी गोळा करून सोडली होती. टूझींना जवळून ओळखणारी माणसं त्या सिनेमाने दुखावली, हे रास्तच होतं.

पूल ओलांडला की गाडी धाकट्या ख्वेच्या, ख्वे नोईच्या खोऱ्यात शिरते. उसाची आणि टॅपिओकाची शेतं, मागे निळसर डोंगर. डाव्या हाताची खिडकी धर. थाम क्रासेच्या गुहेपाशी डोंगराचा कडा थेट नदीत उतरतो, रूळ टाकायला जागाच नाही. तिथे कड्याला लगटून लाकडी खांबांचा लांबलचक पूल उभारला आहे आणि गाडी त्यावरून चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकते. एका बाजूला खडक हाताला लागेल इतका जवळ, दुसऱ्या बाजूला खाली संथ हिरवी नदी, तीत तरंगती हॉटेलं आणि पाण्यात डुंबणारी मुलं. सगळे प्रवासी फोन काढून खिडक्यांत गर्दी करतात. कर्जत-खंडाळ्याच्या पावसाळ्यात आपणही तेच करतो. तूही कर, फोटो जरूर काढ. जागा सुंदर आहे, त्यात त्या मेलेल्यांचा काही अपमान नाही.

गाडी नाम तोकला संपते. पुढचे रूळ युद्धानंतर उखडले गेले. मार्ग थाई रेल्वेने ब्रिटिशांकडून विकत घेतला आणि १९५८ पर्यंत नाम तोकपर्यंतचा, सुमारे १३० किलोमीटरचा तुकडा तेवढा चालू केला. वरच्या अंगाच्या मार्गाचा काही भाग १९८० च्या दशकातल्या धरणाच्या पाण्याखाली गेला. नाम तोकहून गाडी करून पुढे जा, हेलफायर पासला. ऑस्ट्रेलियाने १९९८ मध्ये तिथे संग्रहालय उभं केलं आहे आणि दर २५ एप्रिलला पहाटे तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो.

रेल्वेच्या भाषेत हेलफायर पास म्हणजे एक कटिंग. लांबी सुमारे ७५ मीटर, खोली सुमारे २५. ती कशी खोदली, हे तिथल्या भिंतीवरच दिसतं. एक माणूस लोखंडी सळई खडकावर धरून बसायचा, दुसरा घण मारायचा. प्रत्येक घावानंतर पहिल्याने सळई थोडी फिरवायची, नाहीतर ती अडकते. भोक पुरेसं खोल झालं की सुरुंग, मग फुटलेला दगड हातांनी आणि टोपल्यांनी बाहेर. आरंभी दिवसाला मीटरभर भोक पाडायचं होतं, मग मापं वाढत गेली. १९४३ च्या फेब्रुवारीपासून जपानी अधिकारी घाईला आले आणि 'स्पीडो' हा एकच शब्द सतत कानावर पडू लागला. पाळ्या १२ तासांवरून १८ तासांपर्यंत गेल्या. रात्री बांबूच्या मशाली आणि तेलाचे दिवे लावून काम चाले. उजेडात हलणाऱ्या हाडकुळ्या सावल्या वरून पाहणाऱ्यांना नरक आठवला, म्हणून हे नाव. एका ठिकाणी मोडलेली सळई अजून खडकात रुतलेली आहे. मामा तिच्यासमोर बराच वेळ थांबला होता. त्या हत्याराची पकड त्याच्या हातांना ठाऊक होती.

पाऊस सुरू झाला आणि मे-जूनमध्ये पटकी आली. मलेरिया, आमांश, बेरीबेरी आधीच होते. बांबूच्या ओरखड्याने पायाला जखम झाली की ती हाडापर्यंत सडत जाई आणि पाय कापावे लागत. कैद्यांमध्ये डॉक्टर होते. ऑस्ट्रेलियाचे शल्यविशारद एडवर्ड 'वेअरी' डनलॉप यांचं नाव आजही तिथे आदराने घेतलं जातं. पाणी उकळून प्यायचं, संडासाचे चर खोदायचे, ही लष्करी शिस्त कैद्यांत टिकून होती. कांचनाबुरीचे व्यापारी बूनपोंग जीव धोक्यात घालून औषधं छावण्यांत पोचवत. तरीही सुमारे ६० हजार ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन कैद्यांपैकी १२ हजारांहून जास्त मेले.

कांचनाबुरी स्टेशनाजवळच त्यांची दफनभूमी आहे. जवळजवळ ७ हजार थडगी, कापलेलं गवत, प्रत्येक दगडापाशी एक फुलझाड. बहुतेक दगडांवर नाव, पलटण, तारीख आणि वय. २२, २४, ३१. ही नावं कुठून आली? छावण्यांतल्या लोकांनी मेलेल्यांच्या याद्या लपवून जपल्या. युद्ध संपताच, सप्टेंबर १९४५ मध्ये, एक पथक पूर्ण मार्गावर फिरलं आणि १४४ ठिकाणच्या १० हजारांहून अधिक कबरी शोधून त्याने नोंदल्या. हे काम अत्यंत आदराचं आहे. मेलेल्या माणसाला त्याचं नाव परत मिळावं म्हणून जंगल तुडवणारी माणसं होती ती.

दफनभूमीच्या प्रवेशद्वाराच्या इमारतीत, आत शिरतानाच, एक छोटं स्मारक आहे. बहुतेक पर्यटक त्याच्यापुढून सरळ निघून जातात. त्यावर अखंड हिंदुस्थानच्या सैन्यातल्या ११ जणांची नावं आहेत. ते थायलंडमधल्या मुस्लिम कबरस्तानांत पुरले गेले आणि त्यांच्या कबरी राखणं पुढे शक्य झालं नाही, म्हणून नावं इथे आणली. तिथे थांब.

आणि मग ज्यांचं नाव कुठेच नाही त्यांचा विचार कर.

मार्गावर कैद्यांहून तिप्पट किंवा त्याहून जास्त आशियाई मजूर होते. सुमारे दोन लाख. बर्मी, मलाय, जावाचे, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ. हे तमिळ लोक ब्रिटिश काळात कंगाणीच्या, म्हणजे आपल्या भाषेत मुकादमाच्या, शब्दावर समुद्र ओलांडून गेलेले. युद्धाने मळे बंद पडले, घरात खायला नाही. थोड्या महिन्यांचं काम, रोज मजुरी, अशी आमिषं दाखवून त्यांना गाडीत भरलं. नंतर आमिषाचीही गरज उरली नाही. फुकट सिनेमा दाखवतो म्हणून माणसं जमवायची आणि दारं लावून थेट ट्रकमध्ये चढवायची, असेही प्रकार घडले. काहींबरोबर बायकामुलं होती. त्यांच्यात ना डॉक्टर, ना अधिकारी, ना याद्या लिहिणारा कोणी. पटकी आली की पूर्ण छावण्या ओस पडल्या. मेलेल्यांचा आकडा ९० हजारांच्या आसपास मानला जातो, पण तो अंदाज आहे. कारण मोजणारं कोणी नव्हतं आणि १९४५ मध्ये त्यांच्यासाठी एकही पथक फिरलं नाही. १९९० मध्ये कांचनाबुरीत जमिनीखाली शेकडो सांगाडे सापडले, ते कुणाचे हे नावानिशी कोण सांगणार? आपल्या मनाला सोपी नसलेली आणखी एक गोष्टही तुला माहीत हवी. आझाद हिंद सेनेच्या तुकड्यांची ने-आणही याच रुळांवरून झाली.

मामा हे सगळं पाहून परतला. दुसऱ्या दिवशी ठाकुर्लीच्या फलाटावर उभा असताना खोपोलीची लोकल समोरून गेली आणि त्याला बोरघाट आठवला. आपली उल्हास नदी राजमाचीच्या दरीत उगम पावते आणि पुढे आपल्याकडे येते. त्याच दरीच्या वर, १८५६ ते १८६३ या काळात, बोरघाटाचा रेल्वेमार्ग कोरला गेला. १८६१ मध्ये तिथे एका वेळी ४२ हजार माणसं कामाला होती. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीवरून दंगा झाला. पुढे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत मेला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरं करून दाखवलं, आणि तिचं नाव इतिहासात आहे, असायलाच हवं. घाटात पटकी आणि अपघातांनी मेलेल्या मजुरांचा अंदाज सुमारे २५ हजारांचा. ती माणसं मजुरीवर आली होती, संगिनीच्या धाकाने नव्हे. हा फरक मोठा आहे, तो पुसता कामा नये. पण त्यांचंही एकसुद्धा नाव आपल्यापाशी नाही. रोज त्या घाटातून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांत बसणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असतं? मामाने इतकी वर्षं नोकरी केली, त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

आता ते राहिलेलं काम.

कांचनाबुरी गावात वात थावोर्न वरारम नावाचं एक देऊळ आहे. तिथे आशियाई मजुरांच्या अस्थींवर उभारलेला स्तूप आहे. २०१८ मध्ये मामा तिथे उभा राहिला, तेव्हा आणखी काही नव्हतं. २०२३ मध्ये मलेशियातल्या तमिळ लोकांनी त्याच आवारात एक नडुकल उभारला. नडुकल म्हणजे आपला वीरगळ. लहानपणी तुला बोरिवलीला एकसरचे वीरगळ दाखवले होते, खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवपूजा. ज्यांच्या हातात शस्त्र कधीच नव्हतं, फक्त घमेलं आणि कुदळ होती, त्यांच्यासाठी त्या लोकांनी वीराचा दगड उभा केला. ही बातमी वाचल्यापासून मामाला तो पाहायचा आहे. गुडघे आता इतका प्रवास करू देत नाहीत.

तर पूल पाहण्याआधी तिथे जा. देवळाच्या दाराशी झेंडूच्या माळा मिळतील, एक घे. त्या दगडावर काय कोरलं आहे ते नीट पाहा, कुठली चित्रं, कोणत्या भाषा, आणि वहीत उतरवून आण. फोटोही चालेल, पण तू स्वतः पाहून लिहिलेलं हवं. नाम तोकहून परतीच्या गाड्या मोजक्याच आहेत, सकाळी उतरतानाच स्टेशन मास्तरकडून वेळा विचारून ठेव. पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नकोस.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा