ब्रेक्झिट : ‘लोकांनी ठरवले’ म्हणजे नेमके कुणी ठरवले?

ब्रिटनने 23 जून 2016 रोजी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला तेव्हा आम्ही खूश झालो होतो, हे आधीच कबूल करतो. समाजशास्त्राचे एम.ए. नुकतेच झाले होते आणि डोक्यात ‘जनता विरुद्ध प्रस्थापित’ एवढे एकच गणित पक्के होते. बँकवाले, बडे उद्योगपती, पंतप्रधान सगळे ‘राहा’ म्हणत होते आणि कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या गावांतल्या माणसांनी ‘नाही’ म्हटले. आम्ही फेसबुकवर लिहून मोकळे झालो, की जनतेने मस्तवालांना धडा शिकवला. शिवाय ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांचेच घर फुटतेय याची एक फुकटची मजाही होती. ती पोस्ट आम्ही अजून काढलेली नाही.

गेल्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासिकेत एका पोराने मोबाईल पुढे केला. फॉरवर्ड आलेला मेसेज होता : ब्रिटनसारखा प्रगत देश एवढा मोठा निर्णय सार्वमताने घेतो, मग भारतात आरक्षणावर एकदा सार्वमत का घेऊ नये? लोकांनाच ठरवू द्या. पोरगा एमपीएससीचा अभ्यास करणारा, हुशार. तो म्हणाला, “दादा, याला उत्तर काय द्यायचं? लोकशाहीच आहे ना ही?” आणि आम्हाला आमचीच 2016 ची पोस्ट आठवली.

म्हणून ब्रेक्झिटकडे पुन्हा नीट पाहिले पाहिजे.

त्या मतदानात 51.9 टक्के लोक ‘बाहेर पडा’ म्हणाले आणि 48.1 टक्के ‘राहा’. पण स्कॉटलंडमध्ये 62 टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास 56 टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिले होते. त्यांचे काय झाले? इंग्लंडची लोकसंख्या एवढी मोठी, की तिचा कौल तोच सगळ्यांचा कौल ठरला. बाबासाहेबांनी मे 1945 मध्ये मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात जातीय प्रश्नावर जे भाषण केले, त्याचा गाभा इथेच लागू पडतो. राजकीय बहुमत बदलते, मन वळवून घडवता येते. जन्माने ठरलेले बहुमत मात्र कायमचे असते, आणि त्याच्या हाती निरंकुश सत्ता देणे म्हणजे अल्पसंख्याकांना कायमचे त्याच्या दावणीला बांधणे. स्कॉटलंडची तुलना आपल्याशी तंतोतंत होत नाही, हे आम्हाला कळते. तिथे जात नाही. पण डोकी मोजून दुसऱ्याचे हक्क ठरवण्याची पद्धत तीच आहे.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. मतपत्रिकेवर राहायचे की बाहेर पडायचे एवढेच होते. बाहेर पडून जायचे कुठे, बाजारपेठ ठेवायची की नाही, आयर्लंडच्या सीमेवर नाके बसवायचे की नाही, हे कुणी विचारलेच नाही. त्यामुळे नंतर प्रत्येक पुढारी ‘लोकांची इच्छा’ आपल्या खिशातून काढू लागला. थेरेसा मे यांचा करार जानेवारी 2019 मध्ये 432 विरुद्ध 202 मतांनी पडला आणि पुढे आणखी दोनदा पडला. बोरिस जॉन्सन यांनी संसदच तहकूब केली. ती तहकुबी बेकायदा आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी एकमताने दिला. लोकेच्छेचा जप करणाऱ्यांना लोकप्रतिनिधींची सभा अडचणीची वाटू लागली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यात 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला. त्यासाठी संसदेने आधी कायदा केला. मतदान निष्पक्ष व्हावे म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार पायउतार झाले. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन होणे, दोन पाने म्हणजे केंद्रशासित राहणे. दोन्ही पर्याय ठोस होते, कुठेही शिक्का मारला तरी उद्या काय होणार ते माहीत होते. आणि त्यात कुणाचे मूलभूत हक्क पणाला लागले नव्हते. मराठी माणूस म्हणून त्या निकालाचे वाईट वाटणारे आजही भेटतात, तो विषय वेगळा.

आता पोटापाण्याचे. ‘बाहेर पडा’ मोहिमेच्या प्रचार बसवर लिहिले होते, की आठवड्याला 35 कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या आरोग्यसेवेवर खर्च करू. तो आकडा फसवा होता; ब्रिटनला मिळणारी सूट आणि परत येणारा निधी त्यातून वजाच केला नव्हता. तो परत येणारा निधी सर्वाधिक कुठे जायचा? वेल्स, कॉर्नवॉल अशा गरीब भागांत. आणि या दोन्ही भागांनी बाहेर पडण्याच्याच बाजूने कौल दिला. ब्रिटिश सरकारच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे, की संघात राहिले असते तर देशाची उत्पादकता जेवढी झाली असती, त्याहून ती दीर्घकाळात 4 टक्क्यांनी कमी राहील. मोठी कंपनी कागदपत्रांसाठी माणसे नेमते. चीज विकणारा छोटा माणूस निर्यातच बंद करतो.

कामगारांच्या हक्कांचे तर कुणी बोललेच नाही. 1998 पूर्वी ब्रिटनमध्ये सरसकट सगळ्या कामगारांना भरपगारी रजेचा कायदेशीर हक्क नव्हता. तो आला युरोपीय संघाच्या कामाच्या तासांविषयीच्या निर्देशामुळे, आणि तत्कालीन ब्रिटिश सरकार त्या निर्देशाविरुद्ध न्यायालयात जाऊन 1996 मध्ये हरले होते. आपल्याकडे बाबासाहेब मजूर सदस्य असताना कारखान्यातल्या मजुरांसाठी भरपगारी सुट्टीची तरतूद 1945 मध्येच झाली आणि 1946 च्या दुरुस्तीने आठवड्याचे 54 तास 48 वर आले. दुर्बलांचा हक्क मालकाच्या किंवा बहुसंख्येच्या मर्जीवर सोडायचा नसतो, तो कायद्यात ठोकून बसवायचा असतो, हे त्यांचे धोरण होते. ब्रिटनमध्ये ते हक्क आज कागदावर आहेत, पण बाहेरून राखण करणारे युरोपचे न्यायालय गेले. मूलभूत हक्कांची युरोपीय सनद तर 2018 च्या कायद्याने मुद्दाम वगळली. त्या सनदेत भेदभावबंदीच्या कारणांमध्ये ‘सामाजिक मूळ’ हे शब्द होते. जातीसाठी याहून जवळचा शब्द कुठला? सनद फक्त युरोपीय कायद्याच्या कक्षेत चालायची हे खरे, पण दार तरी होते.

ब्रिटनमधल्या आपल्या लोकांना या दाराची किंमत माहीत आहे. बिहारमधून नेलेल्या एका आदिवासी पार्श्वभूमीच्या घरकामगार स्त्रीला तासाला 11 पेन्स मजुरी मिळत होती. ‘वांशिक मूळ’ या शब्दांत जात बसू शकते असे अपील न्यायाधिकरणाने 2014 मध्ये तिच्याच खटल्यात म्हटले आणि पुढच्या वर्षी तिला सुमारे 1 लाख 84 हजार पौंडांची थकबाकी मंजूर झाली. जातीला समता कायद्यात घालण्याचे बंधन संसदेने 2013 मध्येच सरकारवर टाकले होते. जुलै 2018 मध्ये सरकारने सांगितले, गरज नाही, खटल्यांचा आधार पुरेसा आहे. हे ब्रेक्झिटमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. तिथल्या उच्चवर्णीय हिंदू संघटनांचा विरोध त्याला पुरेसा होता. पण ज्यांना देशातला कायदा नाकारला जातो त्यांनाच देशाबाहेरच्या न्यायालयाची गरज सर्वाधिक असते.

आणि तरीही आपल्यातल्या अनेकांनी बाहेर पडण्यासाठी मत दिले असणार. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये पंजाबातून गेलेल्या आंबेडकरी आणि रविदासिया समाजाची जुनी वस्ती आहे, बुद्धविहार आहे. त्या शहरात 62 टक्क्यांहून अधिक मते ‘बाहेर’ला पडली. हे तेच शहर, जिथला खासदार इनॉक पॉवेल 1968 मध्ये काळ्या-सावळ्या स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकला होता. प्रीती पटेल सांगत होत्या, की युरोपातून येणाऱ्यांची मुक्त ये-जा थांबली की उपखंडातून आचारी आणणे सोपे होईल. आधी आलेल्याने नंतर येणाऱ्याला दार लावायचे. जातीच्या उतरंडीत वाढलेल्यांना हे नवीन नाही, आपणही खालच्या पायरीवरच्यावर असेच पाय ठेवतो. मतदानानंतरच्या जुलैत इंग्लंड-वेल्समध्ये वंश आणि धर्मावरून झालेल्या गुन्ह्यांची नोंद आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा 41 टक्क्यांनी वाढली. शिवी देणारा समोरचा माणूस पोलंडचा की पंजाबचा हे विचारत बसला नाही.

स्थलांतर तर थांबलेच नाही, फक्त मजूर बदलला. पोलंडचा किंवा रोमानियाचा माणूस हक्काने यायचा. मालकाशी पटले नाही तर दुसरीकडे जायचा. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेले गोवेकरही तसेच गेले. ती वाट 2020 अखेर बंद झाली. आता भारतातली परिचारिका मालकाच्या प्रायोजक पत्रावर जाते; वृद्धांची सेवा करणारी मुलगीही 2025 पर्यंत तशीच जायची. नोकरी सुटली तर साधारण 60 दिवसांत दुसरा मालक शोध, नाहीतर देश सोड. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने दोन एकर गहाण ठेवून एजंटला पैसे दिले. पोरगी तिथे पोहोचली तेव्हा ठरलेल्या तासांच्या निम्मेही काम नव्हते. तक्रार कर म्हटले तर म्हणते, “दादा, मालकाने नाव काढलं तर जमीन कशी सोडवू?” याला आपल्या आज्यापणज्यांनी वेठ म्हटले असते.

अभ्यासिकेतल्या त्या पोराला आम्ही एवढे सगळे सांगितले नाही, वेळ नव्हता. एवढेच विचारले, की 1927 मध्ये चवदार तळ्यावर सार्वमत घेतले असते तर महाडकरांनी काय कौल दिला असता? तो हसला. मग मोबाईल घेऊन ग्रुपवर टाइप करू लागला. संध्याकाळपर्यंत त्याला तिथून काढून टाकले होते.